बहुतां सुकृतांची जोडी

आमच्या सावंतवाडीच्या भजनी मंडळात नव्याने येऊ लागलेल्या एका मुलीने परवा विचारलं, "काकू, 'बहुतां सुकृतांची जोडी' यातली जोडी विठ्ठल-रखुमाईची ना?" प्रश्न रास्तच होता. 'रूप पाहतां लोचनीं' झाल्याशिवाय आपल्याकडे भजन पुढे सरकत नाही, पण त्या ओळीपाशी थांबतं कोण?

ज्ञानदेवांची ही जोडी म्हणजे जोडपं नव्हे. जोडी म्हणजे मिळकत, साठवलेली कमाई. पुष्कळ पुण्यकर्मं गाठीला होती म्हणून विठ्ठलाची आवड लागली, असं ते सांगतायत. तुकोबांकडे तर हेच क्रियापद रोख व्यवहारात येतं: 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी.' चांगल्या मार्गाने पैसा मिळव आणि हात न आखडता, त्यात जीव न गुंतवता खर्च कर. जोडणे म्हणजे मिळवणे आणि वेच म्हणजे खर्च, जमाखर्चाच्या वहीतली दोन पानं.

बोलताना आपण आता पैसे 'कमावतो', 'मिळवतो'. 'जोडतो' असं क्वचितच म्हणतो. बांद्याच्या पलीकडे गोव्यात गेलं की मात्र तो शब्द पुन्हा कानावर पडतो. माझी आत्या मडगावला दिलेली. तिच्या शेजारणीचा मुलगा बोटीवर कामाला आहे, त्याच्याबद्दल ती कोंकणीत म्हणते, "बरे पयशे जोडता तो." कुठला संतकवी तिच्या मनात नसतो. बाजारहाट करताना, बँकेच्या रांगेत उभं राहून ती हे बोलते, आणि मला दर वेळी आनंद होतो.

आपल्याकडेही तो अर्थ पुरता गेलेला नाही. कुठल्याही शोकसभेत जाऊन बसा. 'त्यांनी पैसा नाही जोडला, माणसं जोडली' हे वाक्य हमखास येतं. पुष्कळांना वाटतं, माणसं जोडली म्हणजे एकमेकांना बांधून ठेवली. मला ते पटत नाही. पैशाला आणि माणसांना एकच क्रियापद लावलंय, तेव्हा अर्थही एकच हवा: माणसं कमावली. आणि त्याच सभेत पुढचा वक्ता म्हणतो, 'समाजासाठी आयुष्य वेचलं.' म्हणजे खर्च केलं. तुकोबांचं जोडणं आणि वेचणं अजून असं शेजारी शेजारी बसलेलं असतं, फक्त आपलं तिकडे लक्ष नसतं.

बाकी जोडण्याचा पसारा मोठा. अर्जाला कागदपत्रं जोडतात, शेतीला दुधाचा धंदा जोडतात म्हणून तो जोडधंदा. मेहनतीला नशिबाची जोड लागते. नको असलेल्या माणसाला कोपरापासून हात जोडतात. पण लग्न मात्र जुळतं, आणि मोडलेलं हाड सांधतात. तिथे जोडणं चालवून घेतात हल्ली, पण सांधण्यात आधी काहीतरी मोडलं होतं हे आपोआप येतं, जोडण्यात ते येत नाही. म्हणून सांधणं जपायला हवं.

याहून मजेशीर म्हणजे, एखादी गोष्ट फारच उत्तम असली की आपण तिला 'अजोड' म्हणतो, आणि 'तिला तोड नाही' असंही म्हणतो. जोड आणि तोड एरवी एकमेकांच्या विरुद्ध, इथे दोघांचा अर्थ बरोबरी! आणि जोडाक्षर लिहायला शिकवताना बाई काय सांगायच्या? 'क चा पाय मोड आणि त्याला य जोड.'

मला खुपतं ते एकच. टीव्हीवर बातम्या देणारे उठसूट 'आमच्याशी जोडलेले राहा' म्हणतात. ते सरळ हिंदीतलं 'जुडे रहिए' आहे. मराठी माणूस आपल्या घरी आलेल्याला 'जोडलेले राहा' म्हणेल का? तो 'येत जा' म्हणेल. 'बघत राहा' हे दोन साधे शब्द वृत्तवाहिन्यांना का चालत नाहीत, कळत नाही. ज्या क्रियापदात माणूस कमावण्याचा अर्थ आहे, ते असं तारेला तार जोडल्यासारखं वापरलेलं मला ऐकवत नाही.