‘होम ऑन द रेंज’ : पाठभेदांच्या जुळणीची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत मी ध्वनिमुद्रणांच्या यादीपाशी थांबले होते. या महिन्यात ती यादी बाजूला ठेवून ‘होम ऑन द रेंज’ या अमेरिकी लोकगीताचा १८७४ चा छापील पाठ आणि लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स यांच्या १९१० च्या संग्रहातील पाठ एका वहीत समोरासमोर उतरवून काढले. जे हाती लागले त्याने मला इतका आनंद झाला आहे की ते आधी सांगते.

मूळ कविता डॉ. ब्रूस्टर हिग्ली यांची. ते १८७१ मध्ये कॅन्ससमध्ये आले, स्मिथ काउंटीत वेस्ट बीव्हर क्रीक या ओढ्याकाठी राहिले आणि तिथे त्यांनी ‘माय वेस्टर्न होम’ लिहिली. चाल त्यांच्याच परिसरातील डॅनियल केली यांनी दिली. केली सुतारकाम करीत आणि फिडल वाजवीत. आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना छापील पाठ ‘कर्विन चीफ’ या वृत्तपत्राच्या २१ मार्च १८७४ च्या अंकातला आहे. त्यात पालुपदाची सुरुवात ‘अ होम, अ होम’ अशी आहे, म्हणजे ज्या शब्दांनी हे गाणे आज ओळखले जाते ते शब्दच तिथे नाहीत. ‘रेंज’ हा शब्द मात्र शेवटच्या भागात एकदा येतो, आणि तोही क्रियापद म्हणून : ‘आय वुड नॉट एक्सचेंज माय होम हिअर टू रेंज’, म्हणजे निळ्या आकाशात कायम विहरायला मिळाले तरी हे घर मी देणार नाही. लोमॅक्स यांच्या पाठात हीच ओळ ‘माय होम ऑन द रेंज’ अशी होते आणि विहरण्याचे चराऊ रान होते. ‘एक्सचेंज’शी जुळणारे यमक तसेच राहिले, त्याच्या आतला अर्थ बदलला. गाण्याचे आजचे नाव गुरे हाकणाऱ्यांच्या तोंडी याच ओळीतून घडले असावे, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. हिग्ली यांच्या कवितेत बीव्हरच्या काठावर विषारी वनस्पती ‘सेल्डम इफ एव्हर’, म्हणजे जवळजवळ कधीच, उगवत नाहीत. वैद्यकी करणाऱ्या माणसाच्या नजरेला हे पडावे यात नवल नाही. लोमॅक्स यांच्या पाठात बीव्हरच्या जागी रेड रिव्हर आली आहे आणि ‘सेल्डम इफ एव्हर’ पेटतात त्या इथून हुसकावून लावलेल्या मूळ रहिवाशांच्या शेकोट्या. ‘बीव्हर’ काय किंवा ‘रिव्हर’ काय, ‘एव्हर’ला दोन्ही चालतात, म्हणून यमकाचा सांगाडा टिकला आणि एका ओढ्याचे गाणे साऱ्या पश्चिमेचे झाले. बहुतेक लोकप्रिय ध्वनिमुद्रणांत हे कडवे गाळलेले असते, आणि मला ती मोठी उणीव वाटते. पहिल्या कडव्यातही असाच एक बारीक बदल आहे : निराशेचा शब्द आधी ‘कधीच’ कानी पडत नव्हता, नंतर तो ‘क्वचित’ पडू लागला.

लोमॅक्स यांना हे गाणे १९०८ मध्ये सॅन अँटोनिओत एका कृष्णवर्णीय मद्यगृहचालकाकडून मिळाले. या गृहस्थांनी पूर्वी गुरांच्या तांड्याबरोबर स्वयंपाक्याचे काम केले होते. लोमॅक्स यांनी ते मेणाच्या नळकांड्यावर मुद्रित केले आणि ऑस्टिनच्या अंधशाळेतील संगीतशिक्षक हेन्री लेबरमन यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकून त्याची स्वरलिपी केली. ते स्वतःही अंध होते.

तबकड्यांपैकी व्हर्नन डालहार्ट (१९२७), ज्यूल्स व्हर्न ॲलन (१९२८) आणि बिंग क्रॉस्बी (१९३३) एवढ्यांची नोंद पूर्ण झाली आहे. १९३४ मध्ये ॲरिझोनातील गुडविन दांपत्याने आपल्या १९०५ च्या ‘ॲन ॲरिझोना होम’ या गाण्याच्या आधारे पाच लाख डॉलरचा दावा लावला, तेव्हा गाणे रेडिओवरून काढले गेले. बचाव पक्षाचे वकील सॅम्युएल मोनफेल्ट गावोगाव हिंडले, आणि हे गाणे १९०५ च्या कितीतरी आधीपासून गात असलेली माणसे त्यांना कॅन्ससमध्ये भेटली. दावा टिकला नाही. १९४७ मध्ये कॅन्ससने ते राज्यगीत म्हणून स्वीकारले.

आता वादनाची प्रगती. चाल तीन मात्रांची असल्याने दादऱ्याच्या अंगाने पाय धरला की ती लगेच बसते. सी पट्टीला सा मानल्यास पहिली ओळ ‘प प सा रे ग, सा नि ध म म म’ अशी येते, आणि तिच्या सुरुवातीचे दोन्ही पंचम मंद्रातले आहेत. माझ्या दहा भोकांच्या माउथ ऑर्गनवर खालच्या बाजूला हा धैवत स्वर वाकवल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मी सहाव्या भोकापासून एक सप्तक वर वाजवते. या ओळीतल्या ‘बफलो’ शब्दावर ध वरून म वर उडी आहे. ती एकाच ओढलेल्या श्वासात सहाव्या भोकावरून नवव्यावर घ्यावी लागते, आणि मधली दोन भोके अजून हळूच बोलतात. सध्या रोज ही एवढीच उडी वीस वेळा घोटते आहे. पालुपद पुढच्या महिन्यात घेईन.