विचारलेत म्हणून सांगतो: गिअरबॉक्सला वेगळे ऑइल का?

"हाउसिंगमध्ये जीएल-५ टाकता, मग गिअरबॉक्ससाठी जीएल-४ चा वेगळा डबा कशाला बाळगता? सगळीकडे जीएल-५ टाकून मोकळे का होत नाही?" माझ्या जुन्या फोर बाय फोरखाली मी ट्रे सरकवला, की कोणी ना कोणी हे विचारतेच. (जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे; हाउसिंग म्हणजे अ‍ॅक्सलमधली, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांची पेटी.) आजवर मी "मॅन्युअलमध्ये तसे लिहिले आहे" एवढेच उत्तर देत आलो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खरे उत्तर असे, की मी एकदा सगळीकडे जीएल-५ टाकून मोकळा झालो होतो.

हाउसिंगमधला पिनियन (लहान गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो, त्यामुळे तिथले दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर घासत सरकतात, आणि त्या दाबाखाली साधे ऑइल टिकत नाही. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसयुक्त ईपी (अतिदाबात टिकणारी) द्रव्ये जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. तापलेल्या पोलादावर ती संरक्षक थर धरतात. गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगचे (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्याचे) काम मात्र नेमके उलटे आहे. तिने गिअरच्या शंकूवर क्षणभर घट्ट पकड घ्यावी, आपल्या बारीक आट्यांनी मधले ऑइल पुसून काढावे आणि दोन्हींचा वेग एक करावा, अशी अपेक्षा असते. तिला घर्षण हवे असते. शिवाय काही ईपी द्रव्यांची पितळेशी अभिक्रिया होते आणि तयार झालेला थर रिंगवरून हळूहळू खरवडून निघतो.

हे सगळे मला तेव्हाही ठाऊक होते, आणि तरीही चारापेक्षा पाच मोठे, म्हणजे जीएल-५ मध्ये जीएल-४ चे सगळे गुण असून वर थोडे अधिक संरक्षण, असे मी स्वतःला पटवले होते. इतरांनाही तसेच सांगत होतो. त्यात गिअरबॉक्स थोडा गुणगुणत असे, म्हणून ८०डब्ल्यू-९० सोडून मी थेट त्याहून घट्ट ८५डब्ल्यू-१४० भरले. गुणगुण कमी झाली आणि आपण शहाणपणाचे काम केले, असे मला वाटले. थंड इंजिनावर दुसरा गिअर जड पडू लागला, तेव्हा मी त्याला घट्ट ऑइलचा स्वाभाविक परिणाम मानले. पुढे गरम गाडीतही दुसरा खरखरू लागला, तेव्हा मी क्लचची तार ताणली.

मग तो दगडी उतार आला. माझा मित्र पुढे पाठमोरा चालत हाताने चाकांची वाट दाखवत होता. उतार सुरू होण्याआधीच मी दुसरा गिअर टाकायला हवा होता, ती चूक सर्वस्वी माझी. पण मी तिसऱ्यातच उतरू लागलो आणि मध्येच दुसरा ओढायला गेलो. कर्रर्र असा आवाज झाला, दांडा हाताला हिसका देऊन परत आला, आणि गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिनाचा काहीही आधार नसताना, वेग घेऊ लागली. डबल क्लच मारावा, म्हणजे मध्ये न्यूट्रलवर क्लच सोडून पुन्हा दाबावा, हे त्या क्षणी सुचलेच नाही. मी पुन्हा जोर लावला आणि पुन्हा तोच आवाज आला. तो आवाज ऐकून मित्राने वळून पाहिले आणि बाजूच्या खडकावर उडी घेतली. ब्रेकने गाडी थांबली, तेव्हा तो ज्या दगडावरून उतरला होता, तो दगड माझ्या बंपरच्या खाली गेलेला होता. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही, कारण दांड्यावरचा माझा हात थरथरत होता.

त्या संध्याकाळी मी गिअरबॉक्स रिकामा केला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर नेहमीची काळपट, मऊ लेई होती. जुन्या पेटीत ती असायचीच. पण ट्रे उन्हाकडे तिरपा केला, तर ऑइलमध्ये सोनेरी भुकटी तरंगत होती. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ती प्लगवर दिसली नव्हती. पेटी उघडली, तेव्हा दुसऱ्याच्या रिंगच्या आट्या जवळजवळ सपाट झाल्या होत्या, आणि ती शंकूवर दाबून बसवली, की रिंग आणि गिअर यांच्या मधल्या फटीत फीलर गेजचे (फट मोजायच्या पट्ट्यांचे) पातेही शिरत नव्हते. मिस्त्रींनी हात पुसत एकच प्रश्न विचारला, "ऑइल कुठले होते?"

आता ज्यांना माझे म्हणणे पटत नाही, त्यांचेही ऐकून घेतो. हल्लीच्या अनेक जीएल-५ ऑइलांमध्ये पितळेला जपणारी द्रव्ये असतात, दोन्ही दर्जे छापलेली ऑइलेही मिळतात, आणि वर्षानुवर्षे जीएल-५ वर बिनतक्रार चाललेले गिअरबॉक्स मी पाहिले आहेत. हे मला मान्य आहे. मात्र तांब्याची पट्टी गरम ऑइलमध्ये बुडवून ती किती काळवंडते, एवढे पाहणारी चाचणी त्या ऑइलात रिंगची पकड टिकेल का, याबद्दल काहीच सांगत नाही. आणि जीएल-४ हा काही सगळ्यांसाठी एकच नियम आहे, असेही मी म्हणत नाही. लँड रोव्हरच्या जुन्या एलटी७७ गिअरबॉक्सला तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल) लागते. तिथे माझा जीएल-४ चा डबाही चुकीचाच. घट्टपणाच्या आकड्यालाही भुलू नये: २००५ मध्ये एसएईने (घट्टपणाचे हे आकडे ठरवणाऱ्या संस्थेने) ९० आणि १४० यांच्या मध्ये ११० हा दर्जा घातला, तोवर बराच पातळ आणि बराच घट्ट माल एकाच '९०' खाली बसत होता.

ऑइल बदलण्याबद्दल एवढेच, की आधी फिलर प्लग (ऑइल भरायच्या तोंडाचे बूच) सुटतो का, ते पाहावे आणि मगच ड्रेनला पाना लावावा. पेटी रिकामी झाल्यावर फिलर गंजून बसल्याचे कळले, तर गाडी जागेवरून हलत नाही. गाडी थोडी चालवून, ऑइल कोमट असताना, सपाट जागी काम करावे आणि फिलरच्या तोंडातून ऑइल ओघळू लागेपर्यंत भरावे. पाण्यातून गाडी काढली असेल, तर हाउसिंगचे ऑइल दुधाळ झाले आहे का, हे किलोमीटर न मोजता पाहावे. ब्रीदर (हाउसिंगमधली हवा ये-जा करायची वाट) तुंबलेला असला, की गरम हाउसिंगमधली हवा थंड पाण्यात आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते.

तरीही त्या रिंगा माझ्या जीएल-५ नेच खाल्ल्या, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी दर्जा आणि घट्टपणा एकाच वेळी बदलला होता, त्यामुळे दोष कोणाचा, हे वेगळे काढता येत नाही. गाडी माझ्याकडे आली, तेव्हाच ती जुनी होती. आणि जे मला सर्वांत जास्त लागते, ते असे, की मूळचे जीएल-४ काढले, तेव्हा मी ते न पाहताच डब्यात ओतून दिले होते. त्यात सोनेरी भुकटी आधीपासून असेल, तर मी इतकी वर्षे स्वतःला उगाच दोष देत आहे. नसेल, तर माझा मित्र थोडक्यात वाचला, आणि तेही माझ्या हट्टापायी.

तेव्हापासून प्रत्येक बदलाला काढलेले थोडे ऑइल पारदर्शक बाटलीत भरून, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून, पुढच्या बदलापर्यंत ठेवतो. नव्या रिंगा, जीएल-४, ८०डब्ल्यू-९०, सगळे मॅन्युअलबरहुकूम आहे. परवा बाटली उलटी केली, तेव्हा तळाशी चिमूटभर सोनेरी गाळ हलला. ती नव्या रिंगांची सुरुवातीची झीज आहे की आणखी काही, हे पुढची बाटली शेजारी ठेवल्यावरच कळेल.