तुम्ही विचारलंत म्हणून: जिवावरच्या गोष्टींवर तुम्ही हसता कसे?

घरी येणारे पाहुणे, नात्यातली पोरं, आमच्यातल्याच कुणाच्या सुना-मुली, सगळे फिरून फिरून हेच विचारतात. तुम्ही जुने उडणारे लोक जमलात की इंजिन बंद पडलेलं, रात्री वाट चुकलेली, असलं काय काय सांगता, आमच्या पोटात गोळा येतो आणि तुम्ही मात्र टाळ्या देऊन हसता, हे जमतं कसं? आणि ते विटलेले कापडी पॅच, पिवळी पडलेली लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, एकमेकांना दाखवत तासनतास बसता ते कशासाठी? मी दर वेळी दोन वाक्यात गुंडाळतो, म्हणून आज नीट सांगतो.

मी ट्रान्सपोर्ट विमानांवर नेव्हिगेटर होतो, म्हणजे विमान कुठे आहे आणि कुठे वळायचं याचा हिशोब ठेवणारा. एका रात्री आम्ही पूर्ण ढगात, बीकन (जमिनीवरून दिशा दाखवणारा रेडिओ सिग्नल) लागेना, कानात नुसती खरखर. वेदरवाल्यांनी समोरून 10 नॉट (ताशी साधारण 18 किलोमीटर) वारा सांगितला होता आणि माझा सगळा हिशोब त्यावर, पोचायची वेळ होऊन 10 मिनिटं झाली तरी खाली एक दिवा दिसेना. कॅप्टननी विचारलं, "नॅव्ह, कुठे आहोत?" माझ्या हातात पेन्सिल तशीच, उत्तर नाही. तेवढ्यात आमचा फ्लाइट इंजिनिअर अगदी सावकाश म्हणाला, "सर, कुठे आहोत ते कळेलच, पण अजून 40 मिनिटं तरी आपण इथेच आहोत."

सगळे हसले. मीसुद्धा. पण तो नक्की काय बोलला बघा, टाक्यांमध्ये 40 मिनिटांचं इंधन आहे हे त्यानं कॅप्टनला सांगितलं, घाबरायची वेळ अजून आलेली नाही हे बाकीच्यांना सांगितलं, आणि माझी मान आवळली गेली होती ती सोडवली. एकाच वाक्यात. मी परत चार्टवर वाकलो, मधेच बीकन क्षणभर लागला, एक बेअरिंग, म्हणजे त्याची दिशा, मिळालं आणि वारा सांगितला त्याच्या चौपटीहून जास्त असल्याचं लक्षात आलं. आणखी 10-12 मिनिटांनी रनवेचे दिवे दिसले.

आमचं हसणं हे असं असतं. त्यात माहिती असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं तर हे मुद्दाम केलं होतं, त्यांच्या ट्रेनिंगच्या मासिकात 1941 पासून पायलट ऑफिसर प्रून नावाचं एक कार्टून पात्र यायचं, हा प्रून करता येतील तेवढ्या सगळ्या चुका करायचा. नुसता नियम वाचून विसरणारी विशीतली मुलं प्रूनची फजिती मात्र लक्षात ठेवायची. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

वस्तूंचंही तसंच. कॅटरपिलर क्लब 1922 सालचा, पॅराशूटनं ज्याचा जीव वाचला त्याला सोन्याची छोटीशी अळी मिळायची, अळी का, तर तेव्हा पॅराशूट रेशमाचं असायचं आणि रेशीम किड्याचं. समुद्रात पडून रबरी होडीनं वाचलेल्यांचा गोल्डफिश क्लब 1942 सालचा, त्याचा बिल्ला कापडी, कारण युद्धात धातूच्या बिल्ल्यांवर बंदी होती. पुढे 1957 पासून इजेक्शन सीटनं (वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीनं) वाचलेल्यांना मार्टिन-बेकर कंपनीचा टाय मिळायला लागला. यातलं काहीच विकत घेऊन मिरवता येत नाही. ज्याच्याकडे आहे त्याला एकच प्रश्न विचारायचा, "कधी?" आणि मग खुर्ची ओढून बसायचं.

लॉगबुक मला या सगळ्यांपेक्षा जास्त जवळचं. तारीख, विमानाचा टाइप, टेल नंबर (विमानाच्या शेपटीवरचा नंबर), कॅप्टनचं नाव, किती तास, बस. रात्रीचे तास लाल शाईत. एवढ्याशा ओळीवरून माणूस समोर उभा राहतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पॅच असो की फोटो, मागे टेल नंबर, तारीख आणि कोण कोण होतं ते लिहून ठेवा, आजच लिहा, कारण तुमच्यानंतर ती नुसती चिंधी उरते आणि घरच्यांना ती टाकवतही नाही आणि समजतही नाही.

विमानं बघण्याचं वेड म्हणाल तर ते कधीच जात नाही. टर्बोप्रॉपची (पंख्याच्या विमानाची) घरघर आली की हातातलं टाकून बाहेर पळायचं. कधी दूरचा मित्र फोटो पाठवतो, टेल नंबर बघून लॉगबुक उघडतो तर हेच विमान! सी-130 हे मालवाहू विमान पहिल्यांदा उडालं 1954 साली आणि अजून नवी बनतायत, बी-52 हे अमेरिकन बॉम्बर तर 1952 चं, आजही सर्व्हिसमध्ये. पण एक गोष्ट कळकळीनं सांगतो, आज सेवेत असलेलं विमान कुठून कुठे गेलं, किती वाजता, हे वाटत सुटू नका, आत कुणाची तरी मुलं बसलेली असतात. आणि परक्या देशात तर आणखी जपून, 2001 मध्ये ग्रीसच्या कालामाता तळावर 12 ब्रिटिश आणि 2 डच, विमानं बघायला आलेल्या हौशी लोकांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं होतं, पुढच्या वर्षी शिक्षा झाली आणि नंतर अपिलात ती रद्द झाली, पण तोवर त्यांचं काय झालं असेल.

तर तो फ्लाइट इंजिनिअर. उतरल्यावर त्यानं इंधनाच्या हिशोबाचं कार्ड मला दिलं, मागे पेन्सिलनं लिहिलेलं, "अजून इथेच". त्यानंतर आमच्यात हाच नमस्कार झाला, फोन उचलला की तो म्हणणार "अजून इथेच?" आणि मी म्हणणार "इथेच". किती वर्षं. गेल्या वर्षी तो गेला.

त्याची मुलगी भेटायला आली होती, बाबा फोनवर असं का म्हणायचे ते तिला कधी कळलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं, कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं दोन्ही बाजू बघितल्या, वडिलांच्या अक्षरावरून बोट फिरवलं, हसली, रडलीही थोडी.

मग म्हणाली, "काका, खरा वारा किती होता?"

"45 नॉट," मी म्हटलं, "सरळ समोरून."