डाव्या डोळ्यातलं पाणी

आमची गाडी २०२१च्या दसऱ्याची. झेंडूचा हार, पेढे, चाकाखाली लिंबू, सगळं रीतसर झालेलं. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२४ला संपणारी. ही तारीख आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी धावपळ तिच्याशीच होती. हेडलाइटमध्ये पाणी दिसतं ते पावसाळ्यात. पाऊस गेला की पुरावा वाळून जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात आपल्या हातात वॉरंटी नसते.

आम्ही राहतो कराडला, बायकोचं माहेर चिपळूण. पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरायचा, हा रस्ता पावसाळ्यातही महिन्यातून एकदा होतोच. २०२४च्या जूनअखेरीस असेच रात्री पोचलो. सकाळी सासरे छत्री घेऊन अंगणात गेले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि ओटीवर येऊन म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गाडीला मोतीबिंदू झालाय."

डाव्या हेडलाइटची काच आतून पांढुरकी झाली होती. नुसती वाफ असती तर वेगळं. खालच्या कोपऱ्यात थेंब जमून त्यांची एक बारीक रेघ झाली होती. बॉनेटवर हात टेकून गाडी जराशी हलवली की ती रेघ गवंड्याच्या लेव्हलपट्टीतल्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे सरकायची. उजव्या लाइटला मात्र काही नाही.

कराडला परतल्यावर तडक सर्व्हिस सेंटर गाठलं. शोरूमचं नाव सांगत नाही, उगाच कशाला. अॅडव्हायझर तरुण, नम्र. त्याने लाइटकडे पाहायच्या आधीच सांगितलं, "सर, हे नॉर्मल आहे. पावसाळ्यात सगळ्याच गाड्यांना होतं." त्यात तो पूर्ण खोटं बोलत नव्हता, हीच तर गोम होती. गाडी ठेवून घेतली, दुपारी दोनला फोन आला, "झाली सर." जाऊन बघतो तर काच लख्ख. काय केलं विचारलं तर हवा मारली म्हणे. खरं म्हणजे त्या दिवशी नेमकी उघडीप होती आणि गाडी तीन तास अंगणात उन्हाकडे तोंड करून उभी होती. डॉक्टरच्या दारात गेल्यावर ताप उतरतो, तसलाच प्रकार. आणि जॉबकार्डवर माझ्या तक्रारीचा शब्दही नव्हता. 'जनरल चेकअप' एवढंच. ते मी घरी येऊन वाचलं, ही माझी चूक.

चार दिवसांनी पाऊस लागला आणि मोतीबिंदू परत आला.

मग मात्र नीट बसून गाडीचं मॅन्युअल काढलं. तीन वर्षांत ते मी पहिल्यांदाच उघडत होतो. त्यातही लिहिलंय की दमट हवेत लाइटच्या आत वाफ धरू शकते आणि दिवे लावून गाडी चालवली की ती जाते. कारण हेडलाइट ही हवाबंद डबी नसतेच. दिवा लागला की आतली हवा तापते, फुगते, तिला बाहेर जायला वाट लागते. दिवा बंद झाला की आतली हवा आकसते आणि बाहेरची ओढून घेते. त्यासाठी मागच्या बाजूला बारीक श्वासनळ्या ठेवलेल्या असतात, काही गाड्यांत त्यावर वाफ जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा असतो. कोकणातल्या जुलैची हवा आत ओढली गेली, वरून थंडगार पाऊस काचेवर पडला, की आतून धुकं धरणारच. (काच आपण म्हणतो, असतं ते पॉलिकार्बोनेट.) आमच्या गाडीत जुन्या पद्धतीचा हॅलोजन बल्ब आहे, साठ-पंचावन्न वॅटचा, तो चांगला तापतो आणि वाफ लवकर उडवतो. शेजाऱ्यांच्या नव्या गाडीत एलईडी आहेत. त्यांची उष्णता मागच्या बाजूला जाते, पुढची काच गारच राहते, म्हणून त्यांच्याकडे वाफ जास्त वेळ रेंगाळते आणि तरीही त्यांच्या लाइटमध्ये दोष नाही. ही गंमत मला तेव्हा कळली.

म्हणजे भांडायचं ते 'वाफ येते' यावर नव्हतं. येऊ दे. ती जाते किती वेळात, आणि पाणी साचतं का, यावर होतं. आणि माझ्याकडे सगळ्यात भक्कम साक्षीदार होता तो उजवा लाइट. दोघंही एकाच पावसात भिजतात, एकाच घाटातून उतरतात, एकाच वॉशिंग रॅम्पवर आंघोळ करतात. हवामानाचा दोष असेल तर तो दोघांना सारखा हवा.

पुढच्या चिपळूण फेरीनंतर मी पोर्चमध्ये गाडी उभी केली, दिवे चालू ठेवले, इंजिनही चालू, आणि दोन्ही लाइटचे फोटो काढत बसलो. बायकोने दोनदा येऊन पाहिलं आणि न बोलता आत गेली. उजव्यावरची हलकी वाफ अठराव्या मिनिटाला गेली होती. डाव्यावर तासाभरानेही धुकं होतं, आणि कोपऱ्यातलं पाणी होतं तिथेच. फोटोंमध्ये वेळ दिसेल असं सेटिंग करून ठेवलं होतं, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

मधल्या काळात सल्ल्यांचा पाऊस वेगळाच. कुणी सिलिका जेलच्या पुड्या आत टाक म्हणालं, कुणी हेअर ड्रायर. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला तर ड्रिल घेऊनच उभा राहिला, "खालनं एक बारीक भोक पाडतो, पाणी आपोआप गळतंय बघा." त्याच्या पद्धतीने ते बरोबरही असेल. पण ज्या क्षणी भोक पडलं असतं त्या क्षणी वॉरंटीही त्याच भोकातून गळाली असती. हात जोडले आणि गाडी मागे घेतली.

जुलैच्या शेवटी पुन्हा सर्व्हिस सेंटर. या वेळी मुसळधार पावसाचा दिवस निवडला, आणि गाडी आत घेऊ नका, आधी इथेच बघा, असा हट्ट धरला. तक्रार माझ्याच शब्दांत लिहून घ्यायला लावली: डाव्या हेडलाइटमध्ये पाणी साचते, दिवा तासभर चालू ठेवूनही वाफ जात नाही, उजव्यात असे होत नाही. अॅडव्हायझर टाइप करताना जरा कुरकुरला, पण केलं. लाइट काढला, सुकवला, परत बसवला. "आता काही प्रॉब्लेम नाही सर." आठवड्याने परत तेच.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिसरी फेरी. आता अॅडव्हायझरच्या जोडीला वॉरंटी बघणारे एक साहेब होते. त्यांनी बॉनेट उघडून मागून टॉर्च मारला आणि एका वाक्यात निकाल दिला, "याचा बल्ब बदललेला आहे. बाहेरून काम केलं असेल तर क्लेम बसत नाही."

बल्ब बदललेला होता, हे खरंच. जानेवारीत डावा बल्ब गेला होता. पण तो बदलला होता त्यांच्याच वर्कशॉपमध्ये, सर्व्हिसच्या वेळी. मी घरी फोन लावला. आमच्याकडे गाडीची कागदपत्रं एका जुन्या साडीच्या बॉक्समध्ये असतात, त्यातून बायकोने बिल शोधलं आणि फोटो पाठवला. ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट टॉपअप, आणि चौथ्या ओळीत: हेडलॅम्प बल्ब, एक नग, फिटिंगसह. वर त्यांचाच शिक्का. मी फोन साहेबांसमोर धरला. ते बराच वेळ वाचत राहिले. चार ओळींचं बिल वाचायला इतका वेळ लागत नाही.

"लाइट खोला," ते म्हणाले.

या वेळी काम आलं एका वयस्कर मेकॅनिककडे. पंढरीला वारी करणारे असावेत, गळ्यात तुळशीची माळ होती. मी काचेपलीकडच्या खुर्चीत न बसता त्यांच्याशेजारी उभा राहिलो, त्यांनीही हरकत घेतली नाही. बॅटरीच्या बाजूने हात घालून त्यांनी बल्बच्या वायरचा कपलर काढला आणि बल्बमागचं रबरी कव्हर चाचपलं. मग थांबले. "या इकडं. बोट लावा." मी बोट फिरवलं. वर रबर घट्ट बसलेलं होतं, खाली मात्र त्याची कड आत दुमडून गेली होती आणि तिथे करंगळीचं नख जाईल एवढी फट होती.

त्यांनी कव्हर ओढून हातावर घेतलं, फडक्याने पुसलं. त्यावर उठावाची अक्षरं होती, 'टॉप', आणि बाण. "ही बाजू वर यायला पायजे. हे उलटं बसवलंय. उलटं बसतंय, पण कड दुमडती." मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं, "पोरं घाई करत्यात."

म्हणजे जानेवारीत बल्ब बदलणाऱ्याने रबर उलटं लावलं. उन्हाळाभर कुणाला पत्ता लागला नाही. पावसाळ्यात चाकाने उडवलेलं पाणी त्या फटीतून आत जायला लागलं. जुलैत लाइट काढून सुकवला तेव्हा रबर परत तसंच उलटं बसवलं. माझ्या डोक्यात महिनाभर सिलंट, कारखाना, दोषयुक्त माल असं काय काय चाललेलं, आणि निघाला हा तळहाताएवढा रबराचा तुकडा.

रबर सुलटं बसवून सगळे घरी गेले असते, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण लाइट सुकवल्यावर आतल्या रिफ्लेक्टरवर खालच्या बाजूला करडे डाग दिसले, आरशाचा पारा उडाल्यासारखे. रिफ्लेक्टरचा तो चकचकीत मुलामा फार पातळ असतो, पाण्यात राहिला की उतरतो, आणि पुसून परत येत नाही. प्रकाश तेवढ्या भागातून मंदच पडणार. म्हणजे पूर्ण युनिट बदलायचं. त्याचा आकडा त्यांनी सांगितला साडेअकरा हजार, आणि सांगताना पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

आता पेच असा: कंपनी म्हणणार, दोष उत्पादनात नाही, फिटिंगमध्ये आहे. सर्व्हिस सेंटर म्हणणार, वॉरंटी देते ती कंपनी. मी दोघांच्या मध्ये फळीवरच्या बोक्यासारखा. त्या रात्री कंपनीच्या कस्टमर केअरला मेल लिहिला. चिडून लिहिलेला पहिला मसुदा बायकोने वाचला आणि फेकून द्यायला लावला. दुसऱ्यात फक्त तारखा: बल्ब कधी बदलला, तक्रार कधी कधी केली, प्रत्येक जॉबकार्डचा नंबर, सोबत बिल, वेळेसकट फोटो आणि मेकॅनिकने दाखवलेल्या रबराचा फोटो. शेवटी एकच ओळ, की १४ ऑक्टोबरला वॉरंटी संपते, त्याआधी लेखी उत्तर द्यावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी शोधून ठेवला होता, पण मेलमध्ये त्याचा उल्लेख केला नाही. पहिल्याच पत्रात कोर्टाची भाषा केली की समोरचा माणूस मदत करायचं सोडून स्वतःला सांभाळायला लागतो, असा माझा नोकरीतला अनुभव आहे.

चौथ्या दिवशी मॅनेजरांचा फोन. "सर, तुमचं काम करून देतो, चार्ज नाही." हे कोणाच्या खात्यात घातलं, कंपनीच्या की त्यांच्या, ते मी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की जॉबकार्डवर 'डावा हेडलाइट युनिट बदलले, विनामूल्य' असं लिहून मिळेल ना. मिळालं.

पार्ट यायला नऊ दिवस लागले. बम्पर सैल करून जुनं युनिट काढलं, नवं बसवलं. रबर बसवताना मी 'टॉप' वर आहे का ते वाकून पाहिलं, तेव्हा तो पोरगा मेकॅनिक हसला. जुनं युनिट मला हवं होतं, नुसतं बघायला, पण ते परत पाठवायचं असतं म्हणाले.

एक गोष्ट मात्र आम्ही सगळेच विसरलो. नवं युनिट बसवलं की त्याचा झोत सेट करावा लागतो. त्या रात्री हायवेवर समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला डिपर मारत होता, आणि मी मनात त्यांच्या उद्धटपणाला नावं ठेवत होतो. घरी येऊन भिंतीसमोर गाडी लावली तेव्हा कळलं, डावा झोत उजव्यापेक्षा चांगला हातभर वर पडत होता. सकाळी परत जाऊन मशीनवर लावून घेतला, दहा मिनिटांचं काम.

७ सप्टेंबरला गणपती होते. आम्ही आदल्या रात्री घाट उतरलो, धो धो पावसात. सकाळी दूर्वा आणि केळीची पानं आणायला बाजारात निघालो तर सासरे गाडीपुढे वाकलेले. नव्या लाइटच्या कडेला बोटभर वाफ होती.

"आला की परत!"

मी उजव्याकडे बोट दाखवलं. तिथेही तेवढीच होती. "दिवे लावतो. बाजारातून येईपर्यंत बघा."

परत आलो तेव्हा दोन्ही काचा कोरड्या होत्या. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्हीकडे नीट निरखून पाहिलं, आणि म्हणाले, "ऊन लागलं असेल वाटेत."

सकाळपासून सूर्य दिसला नव्हता.