सात, साठ आणि मजूर

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा व्यवहार अजून मुख्यतः तोंडी आणि फोनवरच चालतो. त्यामुळे सारख्या आवाजाच्या शब्दांनी जो गोंधळ उडतो, तो इतर कचेऱ्यांपेक्षा आमच्या केळी भरण्याच्या कामात अधिक रंगतो, असे मला मनापासून वाटते.

त्यात सर्वांत मोठा मान ‘सात’ आणि ‘साठ’ या जोडीचा. साध्या फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोहोचतो आणि व्यंजनांचा वरच्या पट्टीतला बारकावा वाटेतच गळतो. त्यात मागे ट्रकचे इंजिन सुरू असेल, तर त आणि ठ वेगळे ओळखणे जवळजवळ अशक्य होते. ऐन कापणीत आमच्या व्यवस्थापकांनी मुकादमाला पहाटे सात मजूर आणायला सांगितले. मुकादम बिचारा तीन गावे फिरला, दोन टेम्पो भरून तीस माणसे घेऊन बांधावर हजर झाला आणि उरलेली तीस मिळाली नाहीत म्हणून हात जोडून क्षमा मागू लागला. व्यवस्थापकांना काय बोलावे ते सुचेना. अखेर सगळ्यांना चहा पाजला आणि शेजारच्या दोन मळ्यांची कापणीही त्याच दिवशी उरकली.

कागदावर तरी निर्धास्त राहावे, तर तेही नाही. ‘१२ मजूर’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवर म या अक्षराच्या डोक्यावर शाईचा बारीक ठिपका पडला होता. रोखपालांनी ते ‘१२ मंजूर’ असे वाचले आणि उचलीसाठी आलेले बाराही अर्ज दुपारपर्यंत निकाली काढले. त्या दिवशी आमच्या कचेरीइतकी उदार कचेरी अख्ख्या खानदेशात नसावी!

अहिराणीची गंमत याहून गोड आहे. कोकणातून नव्याने आलेल्या कारकुनाला एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, “भाऊ, हाऊ अर्ज कथा देऊ?” कुठे देऊ, एवढेच त्यांना विचारायचे होते. कारकून अदबीने म्हणाला, “आजोबा, कथा नको, नुसता अर्ज द्या.”

आता फोनवर आकडा सांगताना आमच्याकडे “सात, सहानंतरचे” असे म्हणतात आणि मुकादम तेच शब्द पुन्हा उच्चारल्याशिवाय फोन ठेवत नाही.