स्नेहसंमेलनात फुग्यांचा वर्षाव: जाळी, दोरी आणि पंखे

शेवटच्या नाचावर छतातून फुगे पडावेत, ही फर्माईश आता शाळांच्या स्नेहसंमेलनात हमखास असते. पहिला प्रश्न येतो तो फुगे किती लागतील हा. खरं तर फुगे हा यातला सोपा भाग. फजिती होते ती छताला टांगलेल्या जाळीची दोरी ओढल्यावर. अर्धे फुगे खाली, अर्धे जाळीतच, आणि गाणं संपलेलं.

तरी फुग्यांचं आधी उरकू. साधे ९ इंची घ्या आणि पंपाने हवाच भरा. गॅसचे फुगे वरच जाणार, शिवाय जत्रेतल्या स्वस्त फुग्यांत अनेकदा हायड्रोजन असतो, तो ठिणगीने पेटतो. ९ इंची फुगा ८ इंचांवर थांबवा. खोक्याच्या पुठ्ठ्याला ८ इंचांचं गोल भोक पाडून ठेवा, त्यातून जेमतेम जाईल तो फुगा बरोबर. तोंडाकडे लांबुळका झाला, तर हवा जास्त झाली. पत्र्याच्या छताखाली दुपारी हवा तापून प्रसरण पावते आणि असे ताणलेले फुगे आधी फुटतात. दोन नळ्यांचा इलेक्ट्रिक पंप भराभर फुगवतो, वेळ खातात त्या गाठी. म्हणून फुगवायला एक आणि गाठी मारायला तीन माणसं बसवा.

जाळी बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची चालते. १० फूट लांब आणि ३ फूट रुंद असे दोन तुकडे कापा. कापलेल्या नायलॉनची टोकं टोचतात, त्यावर कापडी टेप लावा. प्रत्येक तुकड्याची एक लांब कड १० फुटी पीव्हीसी पाइपला केबल टायने बांधायची. दोन्ही पाइप ४ फुटांच्या अंतराने टांगले आणि मोकळ्या कडा खाली मधोमध जोडल्या की पाळण्यासारखी खोळ होते. हिशेबाने तिच्यात अडीचशे फुगे मावतात, पण २०० वर थांबा. गच्च भरलेली जाळी नीट उघडत नाही. वजनाची चिंता नको, २०० फुगे अर्ध्या किलोच्या आसपास भरतात.

आता जोड. एका कडेवर दुसरी दोन इंच चढवा आणि ४ मिलिमीटरची गुळगुळीत विणलेली दोरी दर ८ इंचांवर खालीवर ओवत न्या, साध्या धावदोऱ्यासारखी. गोणीची साखळी शिलाई इथे बरेच जण सुचवतात. ती सुटते झकास, पण जवळपास तिप्पट दोरी खाते. म्हणजे ओढणाऱ्याला तीस फूट पळावं लागेल. धावदोऱ्यात दहा फुटांत काम होतं. दोरीवर मेणबत्ती घासा, आतल्या टोकाला गाठ अजिबात नको, टेप गुंडाळून ते निमुळतं करा. ओढायच्या बाजूला जोडाच्या रेषेतच एक कडी टांगा, दोरी तिच्यातून खाली सोडा. कडी नसेल तर ओढ तिरकी बसते, दोरी जाळीत रुतते आणि जोर लावला की जाळीच खाली येते.

दोन्ही तुकड्यांच्या आखूड बाजू एकत्र बांधून टाकणं ही नेहमीची चूक. मधला जोड सुटतो, पण टोकं पिशवीसारखी बंदच राहतात आणि वीस-पंचवीस फुगे तिथेच बसतात. प्रत्येक तुकड्याची आखूड बाजू चुणून आपापल्या पाइपलाच वर ओढून बांधा.

पाइप बाकांच्या दोन रांगांवर टेकवून जाळी खालीच भरा, मग चार कोपऱ्यांच्या दोऱ्यांनी चौघांनी एकदम वर घ्या. बांधायचं ते तुळईला किंवा ट्रसला, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्याला. फॉल्स सीलिंग, पंख्याचा दांडा, दिव्यांचा बार यांना हात लावायचा नाही. संमेलनं बहुधा डिसेंबर-जानेवारीत, हवा कोरडी, त्यामुळे फुगे नायलॉनला चिकटतात. पाण्यात थोडं फॅब्रिक कंडिशनर घालून त्या फडक्याने जाळी आधी पुसून वाळवा. रंगीत तालमीला तीस फुगे घालून डोक्याच्या उंचीवर एकदा सोडून बघाच.

फुगे जाळीखालच्या जागेच्या फार बाहेर पडत नाहीत. स्टेज रुंद असेल तर एका मोठ्या जाळीपेक्षा दोन छोट्या बऱ्या, दोन दोऱ्या आणि दोन माणसं. १५ फुटांवरून फुगा तीन-चार सेकंदांत खाली येतो, तेव्हा गाण्याच्या ठोक्याच्या किंचित आधी ओढा. पंखे दोन-तीन मिनिटं आधीच बंद. बटण दाबल्यावर पाती लगेच थांबत नाहीत, आणि पंखा चालू असला तर फुगे भलतीकडेच जातात. कोल्ड पायरोच्या, म्हणजे स्टेजवर यंत्रातून कारंज्यासारख्या उडणाऱ्या ठिणग्या आणि फुगे एकाच गाण्यात ठेवू नका.

बालवाडीच्या कार्यक्रमात मात्र हे करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फुटलेल्या रबराचा तुकडा तोंडात गेला की घशात अडकतो. मोठ्या वर्गांसाठीही पुढचा कार्यक्रम सुरू होण्याआधी दोघांनी झाडू घेऊन स्टेज साफ करावं, फरशीवरच्या फुग्यावर पाय पडला की नाचणारं मूल सरळ घसरतं.