तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरून बसवलं तर वॉरंटी जाते का?

नवी गाडी घेतली की पहिली पूजा मुक्ताईनगरला नाहीतर पद्मालयाला, आणि दुसरी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात, हा आमच्याकडचा शिरस्ता. त्या दुसऱ्या पूजेच्या आधी, बहुतेक वेळा नंतरच, मला फोन येतो: "भाऊ, बाहेरून काही बसवलं तर वॉरंटी जाते का? अन् इंजिनला काही होतं का?" आधी जळगावात एका शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवर होतो, आता स्वतःचं गॅरेज आहे. म्हणजे क्लेम नाकारणारा मीच आणि नाकारलेली गाडी उघडणाराही मीच.

काहीच जात नाही, असं दुकानदार सांगतो. सगळी जाते, असं शोरूमवाला सांगतो. दोघांनाही आपापलं दुकान चालवायचं आहे. वॉरंटीच्या पुस्तिकेत साधारण एवढंच लिहिलेलं असतं की बदलामुळे किंवा बाहेरच्या पार्टमुळे झालेलं नुकसान कंपनी भरून देणार नाही. सीट कव्हर बदललं म्हणून गिअरबॉक्सचा क्लेम कुणी अडवत नाही. तुम्ही हात कुठे घातला ते बघायचं: वायरीला, हवेच्या वाटेला की इंधनाला.

सगळ्यात जास्त क्लेम वायरीत अडकतात, कारण तिथे आपण काही 'मॉडिफिकेशन' केलंय असं कुणाला वाटतच नाही. मोठा हॉर्न, अँड्रॉइड स्टिरिओ, आणि हेडलाइटला ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब. डॅशबोर्डच्या खाली वाकून बघा: कंपनीची वायर मधूनच सोललेली, तिच्यावर दुसरी पिळलेली, वर काळी टेप. दोन पावसाळ्यांनी टेपचा चिकटा सुटतो, तांब्यावर हिरवा काट चढतो, आणि एक दिवस गाडी सेल्फच घेत नाही. मग कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर (ईसीयू), गेलं की काउंटरवरचा माणूस त्या टेपचाच फोटो काढतो. तीच वस्तू रिलेसकट (जास्तीचा करंट वेगळ्या वाटेने नेणारा स्विच) तयार हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर), कपलरला कपलर लावून बसवली असती, तर वाद घालायला निदान जागा राहिली असती.

हवेची वाट म्हणजे बॉनेटखालचा तो लाल शंकूसारखा उघडा फिल्टर. आवाज छान येतो, कबूल. पण कंपनीचा डबा पुढच्या बाजूने बाहेरची हवा घेतो, आणि हा उघडा फिल्टर इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा बॉनेटखाली काय असेल, याचा अंदाज करा. त्यात आपली धूळ. रावेर-यावलकडे केळीच्या बागांतून, नाहीतर कपाशीच्या शेतातून फिरणारी गाडी असेल, तर टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, आधीचा पाइप काढून आत बोट फिरवा. बोटाला मातकट, तेलकट लेप येतो. टर्बोच्या पात्यांच्या कडा जुन्या विळ्यासारख्या बोथट झालेल्या दिसतात. तीच बारीक धूळ पुढे सिलिंडर घासते, मग इंजिन ऑइल प्यायला लागतं. तेल लावायचा फिल्टर असेल तर ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, आणि मिश्रणाचं गणित चुकतं. टर्बोच्या क्लेमसाठी वर्कशॉप आधी हाच पाइप उघडतं. आपल्याकडे साधा कागदी फिल्टर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधी बदलणं, हेच सगळ्यात चांगलं मॉडिफिकेशन.

आता इंधन. रिमॅपिंगवाले, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून देणारे, म्हणतात, कंपनीने ताकद मुद्दाम दाबून ठेवलीये, आम्ही मोकळी करतो. दाबून ठेवलेली नसते, शिल्लक ठेवलेली असते: उन्हाळ्यासाठी, खराब डिझेलसाठी, चाळीसगावहून भरल्या गाडीने कन्नड घाट चढण्यासाठी. रिमॅपमध्ये टर्बोचं प्रेशर आणि डिझेल दोन्ही वाढतात, एक्झॉस्टचं तापमान वाढतं. क्लच बहुधा आधी बोलतो, टर्बो मागाहून. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो लवकर तुंबतो. मग कुणीतरी तो काढूनच टाकायचा सल्ला देतं, म्हणजे आता पीयूसीशीही वैर. आणि "सर्व्हिसच्या आधी जुना मॅप परत टाकू" यावर विसंबू नका. प्रोग्रॅम कितीदा लिहिला गेला याची नोंद बऱ्याच ईसीयूंत राहते.

सीएनजीचं वेगळं. बाहेरचं किट कायदेशीर आहे, पण मान्यताप्राप्त हवं, आरसीवर आरटीओची नोंद हवी, आणि गॅसच्या सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) हवी. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्हची सीट, म्हणजे इंजिनात व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडी, झिजते. कंपनी फिटेड गाडीत त्या सीट मुळातच कडक धातूच्या असतात, बाहेर बसवलेल्यात पेट्रोलवाल्याच राहतात. इंजिनचा क्लेम तिथेच अडतो. वॉरंटी शिल्लक असेल तर मी थांबायलाच सांगतो.

एका पोराने मला विचारलं होतं, "गाडी मनी शे ना, मंग?" गाडी तुझीच रे बाबा, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. विमा कंपनीला न कळवता बदल केला तर अपघातानंतर तीही हेच कलम काढते. त्या वेळी ज्या दुकानाने सामान बसवलं, ते फोन उचलत नाही.

क्लेम नाकारला तर तोंडी ऐकून परत फिरू नका. कोणता पार्ट, कोणत्या कारणाने, ते जॉब कार्डवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की पुष्कळदा काउंटरवरची भाषा मऊ होते, हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय. ग्राहक आयोगात जायचं तरी तोच कागद लागतो. आणि मला फोन करायचा तर किटचं नाव आणि बिल समोर ठेवून करा. "पोराने कायतरी बसवलंय" एवढ्यावर मला काही सांगता येत नाही.